परका कोण?

शांततेच्या काळांत न्यायासनापुढें उभ्या केलेल्या मनुष्यास मुख्यतः एकच प्रश्न विचारण्यांत येतो: ‘तूं काय केलेंस?’ आरोप सिद्ध झाला तर शिक्षा, न झाला तर सुटका. त्याचें कुल, त्याची भाषा, त्याचें जन्मस्थान हीं त्या निर्णयांत यावयाचीं नसतात. निदान येऊं नयेत असा तरी संकेत असतो. युद्ध सुरू झालें म्हणजे हा प्रश्न मागें पडतो आणि त्याच्या जागीं दुसरा येतो: ‘तूं कोण आहेस?’ पहिल्या प्रश्नाचें उत्तर मनुष्याच्या आचरणांत शोधावें लागतें; दुसऱ्याचें उत्तर त्याच्या पारपत्रावर, आडनांवांत किंवा चेहऱ्यावर आयतेंच लिहिलेलें असतें. पहिल्यास साक्षीपुरावा लागतो, दुसऱ्यास यादी पुरते. या दुसऱ्या प्रश्नाच्या आधारावर जे कोंडवाडे उभे राहतात त्यांस राज्यकारभाराच्या भाषेंत स्थानबद्धांच्या छावण्या असें सभ्य नांव आहे. कांहींएक अपराध न करणाऱ्या मनुष्यास केवळ तो अमुक राष्ट्राचा किंवा अमुक वंशाचा म्हणून कोंडून ठेवणें हें केव्हां तरी न्याय्य ठरूं शकेल काय, आणि तसें करणाऱ्या राष्ट्राविषयीं आपण काय समजावें, या प्रश्नाचा विचार येथें करावयाचा आहे. हा प्रश्न युरोप-अमेरिकेचा आहे, आपला नव्हे, असें पुष्कळांस वाटेल. परंतु त्याचीं उदाहरणें महाराष्ट्राच्या मातींत आहेत, आणि वर्धा व प्राणहिता या नद्यांच्या कांठीं राहणाऱ्या आम्हां लोकांस तर तीं फार शोधावींहि लागत नाहींत.

३ सप्टेंबर १९३९ रोजीं ब्रिटननें जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारलें आणि त्याच दिवशीं व्हाइसरॉयनें हिंदुस्थानहि युद्धांत असल्याचें जाहीर केलें. लगोलग या देशांत राहणाऱ्या जर्मन पुरुषांची धरपकड होऊन त्यांस अहमदनगर येथें, म्हणजे आजच्या अहिल्यानगरांत, आणण्यांत आलें. त्या शहरास हें काम नवें नव्हतें. बोअर युद्धांतले कैदी या शतकाच्या मागील शतकाच्या आरंभीं तेथेंच ठेवलेले होते, आणि पहिल्या महायुद्धांत जर्मन व ऑस्ट्रियन नागरिकांची छावणीहि तेथेंच होती. दुसऱ्या महायुद्धांत नगरच्या जोडीस देवळालीची छावणी आली. कुटुंबांसाठीं व हिटलरच्या छळास कंटाळून पळून आलेल्या निर्वासितांसाठीं पुरंदरचा किल्ला व सातारा हीं ठिकाणें वापरण्यांत आलीं. आणि पुढें पुष्कळ पुरुषांस राजपुतान्यांतील देवली व तेथून डेहराडून येथें हलविण्यांत आलें. ज्या पुरंदरावर मिर्झाराजांशीं तह झाला, त्याच पुरंदरावर हेर्मान गोएट्झ नांवाचा जर्मन कलेतिहासकार स्थानबद्ध म्हणून राहिला, आणि त्या सक्तीच्या मुक्कामांत त्यानें त्या किल्ल्याच्या वास्तूंचा अभ्यास करून पुढें तो प्रसिद्ध केला. आमच्या एका किल्ल्याचा इतिहास लिहिण्याची सवड ज्यास मिळाली तो त्या किल्ल्याचा कैदी होता!

या छावण्यांत कोण कोण होते हें पाहिलें म्हणजे यादीच्या न्यायाचें स्वरूप स्पष्ट होतें. हाइनरिश हारर हा ऑस्ट्रियन गिर्यारोहक नंगा पर्बताच्या मोहिमेवरून परततांना कराचींत पकडला गेला. अहमदनगर, देवळाली असे मुक्काम करीत तो डेहराडूनला पोंचला आणि १९४४ सालीं तेथून निसटून तिबेटांत गेला. हा गृहस्थ हिटलरच्या एस.एस. संघटनेचा सभासद होता, हें जगास फार उशिरा कळलें. त्याच अहमदनगरांत अनागारिक गोविंद नांवाचा एक बौद्ध साधक आणून ठेवला गेला. हा जन्मानें जर्मन, मूळचें नांव अर्न्स्ट हॉफमन. पण त्याचें आयुष्य सिंहलद्वीपांत व हिमालयाच्या परिसरांत गेलें होतें, आणि युद्धापूर्वींच तो रीतसर ब्रिटिश प्रजाजन झालेला होता. नेहरू कुटुंबाशीं त्याचा परिचय होता, आणि तो परिचयहि त्याच्या विरुद्ध गेला. नाझी मताचा हा कट्टर विरोधक कुंपणाआड आला तेव्हां तेथील नाझी मंडळींनीं त्याच्यासारख्यांचा इतका छळ मांडला कीं, अशा लोकांसाठीं निराळी छावणी काढणें सरकारला भाग पडलें. ‘चोर सोडून संन्याशाला सुळीं’ ही म्हण आपण अतिशयोक्तीनें वापरतों. येथें ती अक्षरशः खरी झाली. फरक इतकाच कीं, चोरालाहि सोडलें नाहीं. चोर आणि संन्यासी यांस एकाच कोठडींत घातलें आणि दोघांवर एकच चिठ्ठी लावली.

दुसरें एक उदाहरण मुंबईचें आहे. १९३६ सालीं ‘अछूत कन्या’ हा अस्पृश्यतेच्या प्रश्नावरचा बोलपट निघाला व गाजला. तो बॉम्बे टॉकीजचा. त्याचा दिग्दर्शक फ्रान्त्स ओस्टेन आणि छायालेखक योजेफ विर्शिंग, दोघेहि जर्मन. त्यांतील ओस्टेन हा नाझी पक्षाचा सभासद होता. युद्ध सुरू होतांच दोघेहि धरले गेले. ओस्टेन पुढें जर्मनीस गेला आणि १९५६ सालीं तिकडेच वारला. विर्शिंगनें मात्र युद्ध संपेपर्यंतचीं वर्षें स्थानबद्धतेंत काढलीं आणि सुटका झाल्यावर तो पुन्हां त्याच मुंबईंत, त्याच कामावर रुजू झाला. ‘महल’ त्यानें चित्रित केला. ‘पाकीझा’चें चित्रण चालू असतां १९६७ सालीं तो मुंबईंतच मरण पावला. ज्या देशानें आपणांस कोंडलें त्या देशांत परत येऊन मरेपर्यंत राहणारा मनुष्य त्या देशाचा कीं परका? पारपत्रावरून उत्तर द्यावयाचें तर एक येईल, आयुष्यावरून द्यावयाचें तर दुसरें. आणि दोन सहकारी एकाच चित्रगृहांतून, एकाच कारणासाठीं उचलले गेले असतां, त्या दोघांच्या अंतःकरणांत जमीनअस्मानाचें अंतर असूं शकतें, हें यादी करणाऱ्यास दिसण्याचा कोणताच मार्ग नव्हता. यादीला डोळे नसतात.

आतां प्रतिपक्षाचें म्हणणें प्रामाणिकपणानें मांडलें पाहिजे. राज्यकर्ता म्हणेल: ‘अंतःकरणाची परीक्षा करीत बसण्यास युद्धांत वेळ कोठें आहे? शंभरांत नव्याण्णव निरपराध असतील, पण उरलेल्या एकाच्या हेरगिरीनें जहाज बुडालें तर त्यावरील हजार माणसांचें उत्तर कोणीं द्यावयाचें? नव्याण्णव माणसांची कांहीं वर्षांची गैरसोय आणि हजार माणसांचे प्राण, यांत मी काय निवडावें?’ हा युक्तिवाद पोकळ नाहीं. ज्याच्या शिरावर राज्याचा भार नाहीं त्यानें त्याची टिंगल करणें सोपें आहे. परंतु त्यांतील पहिलेंच गृहीतक, म्हणजे वेळ नसतो हें, वस्तुस्थितीस धरून नाहीं. १९३९ च्या अखेरीस याच अहमदनगरांत सर माल्कम डार्लिंग यांच्या अध्यक्षतेखालीं एक चौकशी समिती बसली. तिनें एकेका स्थानबद्धास बोलावून प्रश्न विचारले आणि अनेकांस, विशेषतः ज्यू निर्वासितांस, निरुपद्रवी ठरवून मोकळें केलें. म्हणजे पहिला प्रश्न विचारतां येत होता, आणि तो विचारला असतां उत्तरहि मिळत होतें. पुढें १९४० च्या उन्हाळ्यांत फ्रान्सचा पाडाव झाला आणि सोडलेल्यांपैकीं कित्येकांस पुन्हां आंत घेण्यांत आलें. या सहा-सात महिन्यांत त्या माणसांनीं काय केलें होतें? कांहींहि नाहीं. बदल पॅरिसमध्यें झाला होता, आणि भय दिल्लींत व लंडनमध्यें वाढलें होतें. भिणाऱ्याच्या छातींतील धडधड मोजून दुसऱ्याच्या अपराधाचें माप ठरविण्याची ही रीत आहे.

त्या भयांत वंशद्वेष किती सहज मिसळतो याचा पुरावा अमेरिकेनें दिला. १९ फेब्रुवारी १९४२ रोजीं राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनीं काढलेल्या हुकुमानें पश्चिम किनाऱ्यावरील सुमारें १,२०,००० जपानी वंशाच्या लोकांस घरें-शेतें सोडून तारेच्या कुंपणांत जावें लागलें. त्यांतील सुमारें दोन-तृतीयांश जन्मानें अमेरिकन नागरिक होते. अमेरिका त्याच वेळीं जर्मनीशीं व इटलीशींहि लढत होती. परंतु त्या वंशाच्या लोकांची तेथें बहुधा व्यक्तिशः चौकशी झाली, सबंध समाजाची उचलबांगडी झाली नाहीं. गोऱ्या चेहऱ्यास ‘तूं काय केलेंस?’ हा प्रश्न आणि पिवळ्या चेहऱ्यास ‘तूं कोण आहेस?’ हा प्रश्न! युद्धाची निकड हेंच जर खरें कारण असतें तर ती निकड वर्णावर्णांत भेद करती ना. मात्र त्या राष्ट्रानें १९८८ सालीं कायदा करून झाल्या अन्यायाची क्षमा मागितली आणि हयात असलेल्या प्रत्येक पीडितास वीस हजार डॉलर दिले, हेंहि सांगितलें पाहिजे.

आपल्या शास्त्रकारांनीं या कोड्याचा विचार ‘आपद्धर्म’ या नांवानें केलेला आहे. शांतिपर्वांत बारा वर्षांच्या अवर्षणानें व्याकूळ झालेला विश्वामित्र कुत्र्याचें मांस चोरण्यास सिद्ध होतो, अशी कथा आहे. व्यासांनीं त्यास दोष दिला नाहीं. पण कुत्र्याचें मांस पवित्र झालें असेंहि म्हटलें नाहीं. आपत्तींत केलेलें कर्म आपत्तीपुरतें, तेंहि अन्य मार्ग नसतां, आणि आपत्ति सरल्यावर तपानें त्याचें क्षालन करावयाचें, ही त्या विचाराची मर्यादा आहे. राज्याच्या आपद्धर्मासहि हीच मर्यादा घातली पाहिजे. निरपराध्यास कोंडणें क्वचित् अपरिहार्य होईल. तरी त्याला न्याय म्हणतां येणार नाहीं. तें एक ऋण आहे, आणि ऋण काढणाऱ्यानें तें फेडावयाचें असतें.

या कसोटीस आपण उतरलों काय? ज्या अहमदनगरांत जर्मनांची छावणी भरली, त्याच गांवच्या किल्ल्यांत ऑगस्ट १९४२ मध्यें काँग्रेसच्या कार्यकारिणीचे सभासद आणून ठेवण्यांत आले. पंडित नेहरू, वल्लभभाई पटेल, मौलाना आझाद, आचार्य नरेंद्र देव यांच्यावर कोणताहि खटला चालला नाहीं. तेथेंच १९४४ सालीं नेहरूंनीं भारताच्या शोधाचा आपला विख्यात ग्रंथ लिहिला. विनाचौकशी कोंडलें जाणें म्हणजे काय, हें स्वतंत्र भारताच्या पहिल्या पंतप्रधानाइतकें जगांतील थोड्याच पंतप्रधानांस ठाऊक असेल. आणि तरीहि १९६२ सालीं चीनशीं युद्ध झालें तेव्हां त्याच पंतप्रधानाच्या सरकारनें आसाम-बंगालकडील सुमारें ३,००० चिनी वंशाच्या माणसांस, बायकामुलांसह, आगगाडींत बसवून देवलीस पाठविलें. त्याच देवलीस, जेथें इंग्रजांनीं जर्मनांस व जपान्यांस ठेवलें होतें. त्यांत पिढ्यान्‌पिढ्या येथें राहिलेले सुतार, चर्मकार, खानावळवाले होते. कित्येकांस चीन हा देश ऐकूनच ठाऊक होता. शेवटचे लोक सुटेपर्यंत १९६७ साल उजाडलें. त्या अन्यायाची क्षमा आपल्या राष्ट्रानें मागितलेली नाहीं. स्वतः भोगलेलें दुःख मनुष्यास आपोआप न्यायी करतें, ही समजूत येथें खोटी ठरते. सासुरवास सोसलेली सून पुढें स्वतः सासुरवास करते, त्यांतलाच हा प्रकार.

आतां आपल्या भागाकडे वळूं. युद्ध सुरू झालें तेव्हां क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ हा व्हिएन्नाचा मानववंशशास्त्रज्ञ हिंदुस्थानांत होता. १९३८ सालीं हिटलरनें ऑस्ट्रिया गिळला आणि या मनुष्याच्या हातांत, त्यानें कांहीं न करतां, जर्मन पारपत्र आलें. त्यामुळें तोहि ‘शत्रुराष्ट्रीय’ ठरला. परंतु पुष्कळ वरिष्ठ अधिकारी त्याचे स्नेही होते. त्यास अटक झाली ती मोठ्या अदबीनें झाली, आणि तारेच्या कुंपणाऐवजीं निजामाच्या राज्याची हद्द हीच त्याची छावणी ठरली. त्या हद्दींत त्यानें चेंचू, रेड्डी व अदिलाबादचे राजगोंड यांच्यांत राहून जे ग्रंथ लिहिले ते आज त्या विषयांतील आधारग्रंथ आहेत. आज चंद्रपूर जिल्ह्यांत मोडणारा राजुऱ्याचा मुलूख त्या वेळीं याच अदिलाबाद जिल्ह्यांत होता. म्हणजे तो ज्या गोंडांत वावरला ते आमचेच शेजारी, किंबहुना आमचेच लोक होत. त्याच्या उदाहरणांतून पहिली गोष्ट अशी दिसते कीं, ज्यास आपण ओळखतों त्यास यादींत घालणें जड जातें. परिचय झाला कीं चिठ्ठी गळून पडते. पण न्याय जर परिचयावर अवलंबून राहिला, तर ज्याचा कोणी परिचित नाहीं त्याचें काय?

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. या ‘परक्या’ मनुष्यास त्या अरण्यांत असे लोक भेटले कीं, जे कोणत्याहि युद्धावांचून आपल्याच भूमींत परके झालेले होते. चांद्यास गोंडांचें राज्य शतकानुशतकें नांदलें आणि १७५१ सालीं तें नागपूरकर भोसल्यांकडे गेलें. १८५८ सालीं बाबूराव शेडमाके या गोंड जमीनदारास इंग्रजांनीं चांद्यास फांशी दिलें. पुढें राखीव जंगलाच्या रेषा आल्या. रेषा कागदावर ओढली गेली आणि तिच्या आंत सांपडलेला गोंड, वाडवडिलांपासून कसलेल्या जमिनीवर, एका सकाळीं ‘अतिक्रमणदार’ झाला. १९४० सालीं नदीपलीकडे कुमराम भीम याच गाऱ्हाण्यासाठीं लढतांना जोडेघाट येथें मारला गेला. त्यानंतर निजाम सरकारनें गोंडांच्या असंतोषाचीं कारणें शोधण्याचें काम सोंपविलें तें या स्थानबद्ध ऑस्ट्रियनावर. जमिनीचे पट्टे गोंडांस मिळावेत म्हणून तो खटपट करीत राहिला. मार्लवाई येथें शाळा व शिक्षकांचें केंद्र निघालें, आणि गोंडी भाषेंत नागरी लिपीचीं वाचनपुस्तकें तयार झालीं. एक कागदानें झालेला परका, कागदानेंच परक्या झालेल्या लोकांस त्यांची जमीन परत मिळावी म्हणून झटत होता. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या प्रास्ताविकांत आदिवासींवर ऐतिहासिक अन्याय झाल्याचें आपल्या संसदेनें मान्य केलें आहे. प्रायश्चित्ताची ती सुरुवात आहे.

परंतु ‘तूं कोण आहेस?’ हा प्रश्न या अरण्यांतून अद्याप गेलेला नाहीं. इंद्रावतीच्या पलीकडे बस्तरांत २००५ सालीं ‘सलवा जुडूम’ सुरू झालें. हजारों आदिवासींस गांवांतून उठवून रस्त्याकडेच्या छावण्यांत आणण्यांत आलें. जे छावणींत आले ते सरकारचे, जे रानांत राहिले ते शत्रूचे, असा सरसकट हिशेब झाला. सर्वोच्च न्यायालयानें ५ जुलै २०११ रोजीं आदिवासी तरुणांच्या हातीं शस्त्रें देण्याचा तो प्रकार घटनाबाह्य ठरविला. शस्त्रधारी क्रांतिकारकांचा हिशेबहि निराळा नव्हता. ‘खबऱ्या’ या एका शब्दावर त्यांनीं कित्येक निःशस्त्र माणसांचे प्राण घेतले. भामरागड-एटापल्लीकडून शिकावयास येणारीं मुलें मला वर्गांत भेटत आलीं आहेत. गांवांत रात्रीं आलेल्यांनीं तांदूळ मागितला व सकाळीं आलेल्यांनीं तो कां दिला म्हणून विचारलें, ही हकीगत त्यांच्यापैकीं अनेकांच्या घरची आहे. तीं ती कोणतीहि तक्रार न करतां, पाऊस पडला होता असें सांगावें तशीं सांगतात. तांदूळ देणाऱ्या त्या बापास दोन्ही बाजूंनीं एकच प्रश्न विचारला: ‘तूं कोणाचा?’ ‘मी माझा, आणि हें माझें गांव’ हें उत्तर त्या कोष्टकांत बसत नव्हतें.

शहरांत राहणाऱ्या वाचकानें हा दोष सरकार व बंडखोर यांच्यावर टाकून मोकळें होऊं नये. आपण ‘नक्षलग्रस्त’ हें विशेषण एका सबंध जिल्ह्यास लावलें आणि तें तेथील प्रत्येक मनुष्याच्या पाठीस चिकटलें. नागपुरास किंवा पुण्यास खोली शोधणाऱ्या मुलानें ‘मी गडचिरोलीचा’ म्हटल्यावर घरमालकाच्या चेहऱ्यावर जी सूक्ष्म छाया येते, ती देवलीच्या कुंपणाच्याच जातीची आहे. तिला तार नाहीं व पहारेकरी नाहीं, इतकेंच. मोठ्या छावण्या युद्धांत उभ्या राहतात हें खरें. पण त्यांचे खांब शांततेच्या काळांत, अशा लहान लहान संशयांनीं, आधींच रोंवलेले असतात. म्हणूनच हुकूम निघाल्यावर कोणास नवल वाटत नाहीं.

मग राष्ट्रीयत्व म्हणजे काय? तें जन्मानें मिळालेली मालमत्ता आहे असें मानलें तर परका कोण हें ठरविणें अगदीं सोपें होतें, आणि विर्शिंग, गोविंद व देवलीचे चिनी सुतार हे सारे सहज हद्दपार होतात. किंबहुना त्याच न्यायानें गोंडाचा हक्क सर्वांत जुना ठरावयास हवा होता, पण तसें कोणीं म्हटलें नाहीं. यावरून जन्माचा हा निकष आपण सोयीपुरता वापरतों हेंच सिद्ध होतें. माझ्या मतें राष्ट्र म्हणजे एकत्र राहणाऱ्यांनीं परस्परांस दिलेलें वचन होय: तुझ्या कृत्याबद्दल तुला जाब विचारूं, तुझ्या जन्माबद्दल नाहीं. हें वचन निर्धोक दिवसांत पाळण्यास कांहींच किंमत पडत नाहीं. शत्रू सीमेवर उभा असतांना, वर्तमानपत्रें पेटलेलीं असतांना, आणि समोरच्याचा चेहरा शत्रूच्या चेहऱ्यासारखा असतांना तें पाळावयाचें असतें. तेव्हांहि कोणास कोंडणें भागच पडलें, तर प्रत्येकाची निराळी चौकशी व्हावी, बंधनास मुदत असावी, आणि संकट टळल्यावर निरपराध्यास त्याची भरपाई व राष्ट्राची क्षमायाचना मिळावी. देवलीहून सुटलेलीं तेव्हांचीं मुलें आज म्हातारीं झालीं आहेत. त्यांतील कांहीं परदेशांत आहेत, कांहीं येथेंच आहेत. त्यांचें ऋण फेडण्यास अद्याप वेळ आहे, पण तो फार नाहीं.